मजुरी घेतली, फिटलं?

कल्याणहून निघालेला हा रस्ता मुरबाड मागं टाकतो, माळशेज घाटानं सह्याद्री चढतो आणि ओतूर, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर करत नगरला येतो. पुढं पाथर्डी, माजलगाव, पाथरी, परभणी, वसमत, नांदेड, भोकर, भैसा आणि तेलंगणातलं निर्मल. सरकारदरबारी त्याचा नंबर आधी २२२ होता, आता ६१ आहे. पण नंबर विचारतो कोण? नगरात त्याला कल्याण रोड म्हणतात, आणि गावाच्या पलीकडून निघाला की तोच पाथर्डी रोड. रस्त्याला नाव मिळतं ते जिथं पोचायचं त्या गावाचं. ज्यांच्या दारावरून तो जातो, त्यांचं नाही.

स्वभावानं हा रस्ता लहरी. घाटात ढग अंगावर येतात, दरडी कोसळतात. वर आलं की ओतूरकडचा हिरवा पट्टा, कांदा, टोमॅटो. आळेफाटा सोडला की पाऊस तुटत जातो आणि आमचा पारनेरचा माळ लागतो. त्या माळावरची माणसं याच रस्त्यानं मुंबईला गेली. कुणी गोदीत, कुणी मिलमध्ये, कुणी पाठीवर गोण्या घ्यायला. आजही दिवाळीच्या सुमाराला पाथर्डीकडचे ऊसतोडणीवाले बिऱ्हाड गाडीत घालून निघतात. मधल्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो हा रेडा, अशी श्रद्धा. ओझं वाहणाऱ्या जनावराची आठवण जपणारं गाव याच वाटेवर आहे. मग ओझं वाहणाऱ्या माणसांचं काय?

१९७२ च्या दुष्काळात आमच्याकडं हजारो हातांनी खडी फोडली. या मोठ्या रस्त्याला येऊन मिळणारा आमच्या गावचा रस्ता त्याच कामातला. माझी आई त्यावर होती. मिलो ज्वारी, सुकडी आणि आठवड्याचा पगार. मी मोठा झाल्यावर तिला एकदा म्हणालो, "आई, हा रस्ता तुम्ही केलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ठाऊक तरी आहे का?" ती म्हणाली, "मजुरी घेतली ना रे, मग फिटलं. सडक काय आपल्या बापाची हाये?"

तिचं उत्तर मला बरेच दिवस पटलं होतं. पैसे दिले-घेतले की हिशेब संपतो, यात एक सरळपणा आहे. टोल भरणारा गाडीवाला हेच म्हणतो. रुंदीकरणात जमीन गेली, मोबदला खात्यावर आला, फिटलं. पण कडेची जुनी चिंच पडली, तेव्हा तिच्याखाली चहा विकणाऱ्याचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. आणि ती चिंच ज्यानं लावली, त्याला तिच्या सावलीत बसायला मिळालं असेल का? त्याचा पगार कुणी काढला होता?

त्याहून अवघड प्रश्न रात्रीचा. गाडी उलटली की पहिला धावतो तो वस्तीवरचा माणूस. उसाच्या गाडीखालून, ट्रकच्या केबिनमधून अनोळखी माणसं त्यानं ओढून काढलेली असतात. अंगावरचं पांघरूण रक्तानं भरतं, आणि जखमी शुद्धीवर येतो तो दूरच्या दवाखान्यात. याचं नावही त्याला कळत नाही. पूर्वी पोलीस-पंचनाम्याच्या धाकानं माणसं मागं सरायची. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. नाव सांगायचीही सक्ती उरली नाही. कायदा भीती काढू शकतो. पण झोपेतून उठवून धावायला लावणारं जे काही असतं, ते कुठल्या कलमात बसवायचं?

म्हणून मला वाटू लागलं की पैशानं सगळं फिटत नाही. तरी इथं एक धोका आहे. 'ऋण', 'सेवा', 'पुण्य' असे शब्द वापरून गरिबाला फुकट राबवून घेणारे आपल्याकडं पुष्कळ झाले. वेठबिगारीही कुणीतरी धर्माच्या भाषेतच गोड केली असणार. आईच्या 'फिटलं'मध्ये मान होता. तिनं भीक घेतली नव्हती, कामाचे पैसे घेतले होते. वि. स. पाग्यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तो याच मानाला हक्काचं रूप देणारा. मजुरी पूर्ण न देता कृतज्ञतेची भाषणं करणं हा खोटेपणा आहे.

तेव्हा क्रम असा लावावा लागतो. आधी दाम, तोही पुरा आणि वेळेवर. मजूर, जमीनवाला, टपरीवाला, कुणाचाही बुडवायचा नाही. त्यानंतर जे उरतं, ते ऋण. 'फिटलं' हा शब्द उच्चारायचा अधिकार घेणाऱ्याचा आहे, देणाऱ्याचा नाही. आईनं म्हटलं तर तो तिचा मोठेपणा. गाडीची काच वर करून मी म्हटलं, तर तो माझा कोडगेपणा.

आणि हे ऋण फेडायचं कुणाला? खडी फोडणाऱ्या बाया गेल्या, झाड लावणारा गेला, रात्री धावलेल्याचं नाव ठाऊक नाही. ते मागं फेडता येत नाही, पुढंच फेडावं लागतं. वस्ती आली की वेग कमी करणं, पडलेल्यासाठी थांबणं, कडेला एखादं झाड जगवणं. यातलं काहीच मोठं नाही. पण या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी दारावरून जात असतो, एवढं त्यातून कबूल होतं.