वागणे बदलते तेव्हा

बौद्धिक अक्षमता वाढीच्या वयातच दिसू लागते. बुद्ध्यंक साधारण ७० च्या खाली असतो आणि कपडे घालणे, सुटे पैसे मोजणे, रस्ता ओलांडणे अशा रोजच्या गोष्टींत आधार लागतो. त्यावर औषध नाही. पण शिकवणीने आणि सरावाने माणूस बराच पुढे जातो. मानसिक आजार कोणत्याही वयात येतो, कमी-जास्त होतो आणि उपचारांनी बहुतेकदा आटोक्यात येतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येणे मुळीच दुर्मीळ नाही. ग्लासगो शहरातील हजारावर बौद्धिक अक्षम प्रौढांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना मानसिक आरोग्याची किंवा वर्तनाची काही ना काही तक्रार होती. आधाराची व्यवस्था मात्र या दोन गरजा वेगवेगळ्या माणसांच्या असाव्यात अशा रीतीने उभी आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा भार तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्या घरांवर पडतो.

पहिली अडचण ओळखण्याची. मनातले शब्दांत सांगता येत नसेल, तर दुखणे वागण्यातून बाहेर पडते. इंदापूर तालुक्यातल्या वस्तीवरचा पंचविशीतला मुलगा रोज न सांगता शेळ्यांपुढे चारा टाकतो, सायंकाळी मारुतीच्या देवळात घंटा वाजवतो. महिन्याभरात दोन्ही थांबते. तो रात्र-रात्र जागा राहतो, ताट सारतो, आईवर हात उगारतो. घरचे म्हणतात, तो आधीपासून तसाच. शेजारी म्हणतात, बाहेरचे काही असेल. मग देवऋषी आणि अंगारा. दवाखान्यातही कागदावर 'मतिमंद' दिसले की पुष्कळदा शांत राहण्याची गोळी मिळते आणि तपासणी तिथेच संपते. कारण नैराश्य असू शकते. तसेच किडलेली दाढ, वाहता कान, जुनाट बद्धकोष्ठताही असू शकते. डाउन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉइड मंदावणे नेहमीचे आहे. त्याची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात आणि एका रक्ततपासणीत ते कळते. म्हणून आधी शरीर तपासावे, मग घरात काय बदलले ते विचारावे: आजी वारली का, बहीण सासरी गेली का, वय झाल्यामुळे विशेष शाळा सुटली का. त्यानंतर मानसिक आजाराचा विचार करावा. हा क्रम चुकला की औषधांचे डोस वाढत जातात आणि दाढ किडत राहते.

कायद्यानेही वाटणी केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक वाढीची मर्यादा वगळतो. ते वगळणे योग्यच, कारण बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे. दुसरीकडे, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता येतात. मानसिक आजार येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत दोन्हींना जागा आहे, परंतु प्रमाणपत्रासाठी मोजमाप वेगवेगळे. घरात माणूस एकच असतो. त्याच्या आईला खेटे मात्र दोन्हीकडे घालावे लागतात.

उपचारांच्या सोयीत शेजारच्या बारामतीची स्थिती बऱ्याच तालुक्यांपेक्षा बरी आहे. २०१९ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मानसोपचार विभाग आलाच. पूर्वी सरकारी उपचारांसाठी येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव घेतले जाई, आणि त्या नावाची धास्ती उपचारांपेक्षा मोठी होती. आता अंतर घटले तरी उजनी धरणाच्या काठावरच्या गावातून बारामतीला यायचे म्हणजे बिथरलेल्या मुलाला एसटीत बसवायचे आणि सोबतच्या माणसाने दिवसाचा रोज बुडवायचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात हंगामासाठी कोपी करून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट. उपचार सुरू होतात न होतात तोच हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो, कुटुंब गावी परतते आणि गोळ्या मध्येच बंद होतात.

म्हणून आधाराचा पहिला माणूस गावातच हवा. त्याने डॉक्टर असण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन हे दाखवले: ऐकून घेणे, धीर देणे, गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत पोहोचवणे. बौद्धिक अक्षम व्यक्तीच्या बाबतीत त्यात एका साध्या वहीची भर घालावी. झोप किती, जेवण किती, शौच कधी, चिडचिड कोणत्या वेळी आणि त्याआधी काय घडले, एवढेच लिहायचे. दहा मिनिटांच्या ओपीडीत डॉक्टरला जे कळत नाही, ते दोन आठवड्यांच्या नोंदीतून कळते. आईला लिहिता येत नसेल तर आशाताई किंवा शाळेत जाणारी पुतणी लिहू शकते. अडीअडचणीला 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे; तिथे मराठीत बोलता येते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून प्रवासखर्च भागला, तर अर्धे उपचार तिथेच सुरळीत होतील.

आई-वडिलांना मात्र रात्री जागवतो तो वेगळाच प्रश्न: आमच्यानंतर याचे कोण? त्याची कायदेशीर तजवीज ते हयात असतानाच होऊ शकते. बौद्धिक अक्षमतेसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. मानसिक आजाराच्या उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायला साधा कागद पुरतो. त्यावर संबंधित व्यक्तीची सही किंवा अंगठा लागतो, आणि ही नेमणूक पुढे तिला बदलताही येते. ज्या मुलाविषयी हे सगळे चालले आहे, त्याला समोर बसवून, त्याला समजेल अशा शब्दांत, भावाकडे राहायचे की मावशीकडे, हे आधी त्यालाच विचारायला हवे.