आरसा पुसताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या अंकासाठी काही लिहा, असे मंडळी मला दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी मी टाळतो. मी कीर्तनकार नाही, शास्त्री तर नाहीच. कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकुनी केलेला माणूस. जमा आणि नावे या दोन रकान्यांपलीकडे माझा अभ्यास नाही. यंदा मात्र लिहायला बसलो, कारण सांगायचे आहे ते आरशाबद्दल, आणि आरसा आपल्या सगळ्यांच्या घरी आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि एका अवधूताची भेट आहे. परंपरा त्या अवधूताला आपले दत्त महाराजच मानते. राजा विचारतो, तुम्ही इतके आनंदी कसे? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी यांपासून सुरुवात होते. मग अजगर, मधमाशी, हत्ती, मासा, पिंगला, बाण करणारा कारागीर, कोळी असे एकेक गुरू येतात. ही यादी मी कितीदा तरी वाचली. बँकेची सवय, यादी दिसली की मोजायची! चोवीस बरोबर भरतात, पण त्यांत आरसा नाही.

का नसावा? माझ्या अल्पबुद्धीला असे वाटते की अवधूताला घर नाही. घर नाही म्हणून भिंत नाही, भिंत नाही म्हणून आरसा नाही. आपण पडलो संसारी. आपल्याकडे अजगर नाही, हत्ती नाही, पण आरसा आहे. तेव्हा आपल्यापुरता त्याला पंचविसावा गुरू केला तर महाराज रागावणार नाहीत. अवधूतांनीही हे सगळे गुरू स्वतःच्या बुद्धीने, डोळे उघडे ठेवूनच केले होते.

पूजेतही आरशाला मान आहे. छत्र, चामर यांच्याबरोबर देवाला आरसा दाखवणे हा राजोपचार. आपण घरच्या पूजेत हे सगळे कुठून करणार? म्हणून राजोपचारांच्या जागी अक्षता वाहतो आणि हात जोडतो. देवाला आरसा दाखवायचा राहिला तर अक्षतांवर भागते. स्वतःला दाखवायचा राहिला तर मात्र अक्षतांवर भागत नाही, हे मला फार उशिरा कळले.

निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. पहिल्याच महिन्यात घरातून हुकूम निघाला, "अहो, दिवसभर पेपर वाचताय, निदान तो आरसा तरी पुसत जा." आमच्या माजघरात आईच्या वेळचे सागवानी कपाट आहे, त्याला पुरुषभर उंचीचा आरसा. मी काम मनावर घेतले. बाजारातून फवाऱ्याची बाटली आणली. रोज सकाळी अंघोळीआधी आरशावर फस्स फस्स फवारा मारायचा आणि जोर लावून घासायचे. आरसा असा लखलखायचा की येणारा-जाणारा थबकून भांग नीट करायचा. मला भारी अभिमान!

वर्ष-दीड वर्षात खालच्या कडेला काळे ठिपके दिसू लागले. आधी मोहरीएवढे, मग वाढत जाऊन त्यांची नक्षीच झाली. मी आणखी फवारा मारला, आणखी घासले. डाग हलेना. शेवटी गावातल्या काचवाल्याला बोलावले. त्याने बोट ठेवून पाहिले आणि हसला. म्हणाला, "काका, किती बी घासा, ह्यो डाग पुढचा न्हाई. मागचा हाय. आणि तुमीच पाडलाय."

मग त्याने समजावून सांगितले. आरसा म्हणजे नुसती काच नव्हे. काचेच्या पाठीला चांदीचा अगदी पातळ थर असतो आणि त्याच्या रक्षणासाठी मागून रंगाचा लेप. जुन्या काळी कथिल आणि पारा वापरत, म्हणून आपण अजून "आरशाचा पारा उडाला" असे म्हणतो. काचेवर चांदी चढवण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1835 मध्ये शोधली आणि पुढे घरोघरी तसेच आरसे आले. काचेला पाण्याने काही होत नाही. पण फवाऱ्याचे पाणी ओघळून खालच्या कडेला साठते, चौकटीत मुरते, मागे शिरते आणि चांदी खाते. त्यात अमोनिया असलेले औषध असेल तर आणखी लवकर. म्हणजे माझ्या स्वच्छतेनेच आरसा बिघडला होता.

आता आरसा कसा पुसावा ते सांगतो. हे लिहिताना माझी ही शेजारी बसून दुरुस्त्या सुचवते आहे. आधी कोरड्या मऊ सुती फडक्याने धूळ झटकावी. धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर किंवा लुगडे सर्वांत उत्तम. धूळ तशीच ठेवून ओले फडके फिरवले तर धुळीतल्या कणांनी काचेवर बारीक चरे पडतात. मग दुसरे फडके कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि वरून खाली पुसत यावे. पाणी फडक्याला लावायचे, आरशाला नाही. सगळी गोम इथे आहे. तेलकट बोटे उमटली असतील तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब पुरे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून तेवढीच जागा पुसावी. टिकलीचा गोंद नखाने खरवडू नये. खोबरेल लावून थोडा वेळ ठेवावे, आपोआप सुटतो. राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, तारेची घासणी यांतले काही आरशाला लावू नये. शेवटी कोरड्या फडक्याने चारी कडा टिपून घ्याव्यात. आरसा भिंतीला अगदी चिकटवून लावू नये, मागे वारा खेळू द्यावा; पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तर टाळावीच. देवांच्या तसबिरींनाही हाच नियम. भक्तीच्या भरात तसबिरीवर पाणी शिंपडू नये. ते काचेच्या आत उतरते आणि महाराजांच्या चित्राला बुरशी येते.

इथवर झाले घरकाम. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे की ज्ञान कामनेने झाकले जाते. त्याला तीन दृष्टांत दिले आहेत : धुराने झाकलेला अग्नी, मळाने झाकलेला आरसा आणि वारेने वेढलेला गर्भ. मी यावर पुष्कळ विचार केला. धूर वाऱ्याने जातो. वार वेळ भरली की सुटते. आरशावरचा मळ मात्र वाऱ्याने जात नाही आणि वाट पाहिल्यानेही जात नाही, उलट वाढतो. तिथे हातच लावावा लागतो, आणि रोज लावावा लागतो. गीतेच्या काळचे आरसे धातूचे. केरळात आरन्मुळा येथे आजही तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे आरसे घडवतात, ते घासून घासूनच आरसा होतात. त्या आरशाचा मळ पुढेच असतो, घासला की निघतो. आपले नामस्मरण, नित्यपाठ, गुरुवारचा उपवास हे सगळे असे रोजचे पुसणे आहे. ते चुकवू नये.

पण आपल्या काचेच्या आरशाला पाठ आहे. तिथला डाग पुढून पुसून जात नाही. काचवाला गेल्यावर मी त्या ठिपक्यांकडे पाहत बसलो आणि मला 1991 सालचा मार्च आठवला. तो प्रसंग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, घरीसुद्धा नाही. आज अंकात लिहितो आहे.

तेव्हा सगळ्या वह्या हाताने लिहायच्या. मार्चअखेरची गर्दी. संध्याकाळी रोकड मोजली तर 270 रुपये कमी. आमचे कॅशियर माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, अबोल, सज्जन माणूस. त्यांनी तीनदा रोकड मोजली. मला म्हणाले, "एकदा तुमच्या वहीशी माझी यादी ताडून बघू या का?" मला साडेसहाची एसटी गाठायची होती. त्यांच्या बहिणीचे लग्न ठरलेले आहे, हे सगळ्यांना माहीत होते. मी वही मिटली आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "माझी वही बरोबर आहे. घरचं लग्न काउंटरवर काढू नका म्हणजे झालं."

दोघे-तिघे हसले. कॅशियर काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून 270 रुपये भरले.

भक्तहो, हिशेबाचा एक साधा नियम आहे. फरकाच्या रकमेला नऊने नि:शेष भाग गेला तर आधी आपल्या वहीत आकड्यांची अदलाबदल शोधायची. 270 ला नऊने भाग जातो. हा नियम मी नव्या मुलांना शिकवत असे. त्या दिवशी स्वतःला लावला नाही. चार दिवसांनी एक शिक्षिका पासबुक घेऊन आल्या. म्हणाल्या, "मी 1,360 भरले, इथे 1,630 जमा दिसतात. जास्तीचे कुणाचे आहेत ते बघा बाई." अक्षर माझे होते. तीन आणि सहा मीच उलटे लिहिले होते. नोंद दुरुस्त झाली. कॅशियरना त्यांचे पैसे परत मिळाले. मी साहेबांना सांगितले, "वहीत फरक होता, सापडला." कुणाच्या वहीत, ते बोललो नाही. आणि ते वाक्य तर मी परत घेतलेच नाही. पुढे त्यांची बदली झाली.

त्यानंतर मी किती गुरुचरित्राची पारायणे केली, किती पौर्णिमांना वाडीला गेलो! पुढची काच लखलखत होती. लोक म्हणायचे, काय सात्त्विक माणूस आहे. आणि त्या स्तुतीचे पाणी कडेला साठून मागे मुरत होते.

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी त्यांचा पत्ता शोधून मी त्यांच्या घरी गेलो. तेही आता निवृत्त. "या, या, किती वर्षांनी!" म्हणाले. चहा आला. मी सगळे सांगितले, तीन आणि सहासकट. ते बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "रक्कम विसरलो होतो मी. वाक्य नाही विसरलो. बहिणीच्या लग्नाला मी बँकेतल्या कुणालाच बोलावलं नाही, आठवतंय का तुम्हाला?"

मला आठवत नव्हते. मला त्या वेळी ते जाणवलेसुद्धा नव्हते.

"चहा घ्या," ते म्हणाले, "गार होतोय." निघताना कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. माफ केले असे ते म्हणाले नाहीत, आणि तसे म्हणा असा आग्रह धरण्याचा अधिकार मला नव्हता. मी आजवर न बोललेले बोललो होतो, एवढेच.

तिथून वाडीला गेलो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे ते स्थान तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथे आपण पादुकांचे दर्शन घेतो. इतकी वर्षे मी पादुकांपुढे वाकत होतो, पण मान खाली जायची ती सवयीने. त्या दिवशी ती आपसूक गेली. आरशापुढे माणूस ताठ उभा राहतो, पादुकांपुढे वाकावे लागते. आधी आरशात खरे पाहावे आणि मग पादुकांपुढे वाकावे, असा क्रम असावा असे मला आता वाटते. मी नेमके उलटे करत होतो.

काचवाला म्हणाला होता, "खाली एक लाकडी पट्टी मारतो, डाग झाकून जाईल." मी नको म्हणालो. ही म्हणाली, "राहू दे. तोंड दिसतंय ना?" डाग आहेत तसे आहेत. फवाऱ्याची बाटली मात्र काढून टाकली. आता पिळलेले फडके आणि कोरडी कड, यामुळे डाग वाढलेले नाहीत. झालेला डाग न झाकणे आणि नवा पडू न देणे, इतके या वयात आपल्या हातात आहे.

तेव्हा यंदा दत्तजयंतीची झाडलोट करताना घरातला आरसा जरूर पुसा. पुसताना एखादा माणूस आठवला, ज्याच्याबद्दल आपण चारचौघांत बोललेले एक वाक्य अजून परत घेतलेले नाही, तर पाळणा हलवण्याआधी त्याच्याकडे जाऊन या. तो काय म्हणेल याचा हिशेब मांडू नका. मी छत्तीस वर्षे हिशेब मांडले, आणि या एका हिशेबात तेहतीस वर्षे उशीर केला.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!