शरद ऋतू आणि आमची घरे



आश्विन आणि कार्तिक हे दोन मास मिळून शरद ऋतू होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुलांच्या इंग्रजी पुस्तकात या ऋतूचे जे चित्र छापलेले असते ते पाहावे. पिवळी-तांबडी पाने खाली पडली आहेत, झाडे उघडी होत चालली आहेत, आणि मुलांच्या अंगात लोकरीचे कपडे आहेत. ते चित्र त्या थंड देशांपुरते खरे आहे. आमच्या गोमंतकात मात्र या दिवसांत रान हिरवेगार असते. पानगळ येते ती शिशिरात. सातविणीचे झाड याच ऋतूत फुलते व रात्री त्याच्या उग्र वासाने वाटा भरून जातात. थंडीचे तर नाव नको. पाऊस ओसरला की ऊन चटकन तापते, दुपारी पारा 32 अंशांच्या आसपास जातो, हवेतील दमटपणाने अंगाची काहिली होते, आणि संध्याकाळी परतीचा पाऊस विजा कडाडत येऊन खळ्यावरचे भात भिजवून जातो. तेव्हा आमचा शरद हा घामाचा ऋतू आहे आणि कापणीचा ऋतू आहे. आमचे या दिवसांतले सर्व घरगुती सण याच दोन गोष्टींतून उगवले आहेत, हे आज आम्हांस आपणांपुढे मांडावयाचे आहे.

ऋतूचे हे नाव पंचांगात राहिले, परंतु पंचांगाहूनही अधिक ते शेतात राहिले. आमचा शेतकरी पावसाळी भातपिकास ‘सरद’ म्हणतो, आणि त्यानंतर पाण्याच्या सोयीने काढतात त्या पिकास ‘वायंगण’. सरद म्हणजे शरदच. ज्या शेतकऱ्याने संस्कृताचे अक्षर कधी ऐकले नसेल त्याच्या तोंडी ऋतूचे नाव पिकाचे नाव होऊन बसले आहे. वैदिक प्रार्थनांतही शंभर वर्षांचे आयुष्य मागताना ते शंभर शरद म्हणून मागितले आहे. वसंत इतका सुंदर असता त्याने का मोजले नाही? आम्हांस असे वाटते की, ज्याने शरद पाहिला त्याच्या घरी नवे धान्य आले, आणि त्याची पुढल्या वर्षाची चिंता मिटली. म्हणून वर्ष खरे पदरात पडते ते शरदात.

हे नवे धान्य घरात कसे आणावे, याचीही रीत आहे. भाताची पहिली कणसे वाजतगाजत किंवा निमूटपणे, जशी ज्या घरची पद्धत, आणून प्रथम देवापुढे ठेवावयाची, मग दारावर बांधावयाची, आणि त्यानंतर नव्या तांदळाचे अन्न घरच्या माणसांनी एकत्र बसून खावयाचे. हे ‘नवे’ कोठे चतुर्थीच्या दिवसांत होते, कोठे आश्विनात. कोकणात कोजागरीच्या पौर्णिमेस नवान्न पौर्णिमा म्हणूनच ओळखतात. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचे कणसांचे फेस्त ऑगस्टमध्ये येते, तेव्हा तेही पहिली कणसे देवळात नेऊन मगच कापणीस हात लावतात. शेत एकच, म्हणून कृतज्ञताही एकच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ आपल्यापुरते शिजविणाऱ्याच्या अन्नास पाप म्हटले आहे. त्या वचनावर तासभर प्रवचन करता येईल; पण दारावरची ती कणसांची जुडी तेच सांगते, आणि थोडक्यात सांगते.

आता एक कटू गोष्ट. आमच्या वाड्यावरील कितीतरी घरांत ही जुडी आज बाजारातून विकत येते. त्यात विकणाऱ्याचा दोष नाही, घेणाऱ्याचाही नाही. शेते पडीक राहण्याची कारणे अनेक आहेत: कापणीस माणूस मिळत नाही, वाटण्या होऊन शेताचे तुकडे झाले, आणि 1964 च्या कूळ कायद्यानंतर आपली जमीन दुसऱ्यास कसावयास देण्याची भीती पुष्कळ मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. आम्ही त्यावर न्याय देणारे कोण? परंतु ज्या देवापुढे आमचे पूर्वज स्वतः कापलेले पहिले कणीस ठेवीत, त्याच्यापुढे आम्ही कोणाच्या कोण शेतातले कणीस पैसे देऊन ठेवतो, याची टोचणी तरी मनास असावी.

नवरात्रीतील मखरोत्सवाविषयी आम्ही येथे फार लिहीत नाही. मखरात झुलणाऱ्या श्रींचे दर्शन घेण्यास फोंड्याच्या देवालयांत दूरदूरची कुळावी मंडळी येतात आणि तो सोहळा देवालये उत्तम प्रकारे पार पाडतात. आमचा विषय घर हा आहे. मखराची काळजी समिती घेते. अंगणातल्या तुळशीची काळजी कोण घेणार?

घरच्या सणांचा मुकुटमणी म्हणजे आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट. घरातील थोरली स्त्री सर्वांच्या आधी उठते, चुलीवर पाणी ठेवते, एकेकाच्या डोक्यावर तेल घालते, उटणे लावते, न्हाऊ घालते, आणि ओवाळते. मग घरातील पुरुषांनी तुळशीपुढे जाऊन पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे आणि त्याचा कडू रस जिभेस लावावयाचा. कडू तोंडानेच मग पोह्यांकडे, म्हणजे आमच्या फोवांकडे, वळावयाचे: दुधातले, ताकातले, गुळाचे, नारळाच्या रसातले, फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ किंवा आंबाड्याचे काही. सूर्य वर येईपर्यंत आपल्या घरचे संपवून वाड्यावर निघावयाचे, आणि प्रत्येक घरी दोन घास तरी खाल्ल्यावाचून सुटका नाही. दिवाळीस फोवच का, असे लहान मुले विचारतात. सरदाचे भात नुकतेच घरात आलेले असते. ते भिजवून, भाजून, उखळात कांडले की फोव होतात. नव्या पिकाचा सर्वांत ताजा आणि झटपट होणारा पदार्थ तो हाच. एक घालणारी, एक कांडणारी, एक पाखडणारी, अशा तिघी-चौघींवाचून हे काम होत नसे. म्हणजे फोव खाण्यापूर्वीच घर एकत्र आलेले असे.

हल्ली आमच्या प्रत्येक रूढीमागे आरोग्यशास्त्र दाखविण्याची हौस वाढली आहे. त्यात काही सत्य आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्या सांगितली आहे. पावसात साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने एकाएकी खवळते, म्हणून या ऋतूत कडू, गोड व तुरट रस घ्यावेत, आवळा, मूग व साळीचा भात खावा, आणि सायंकाळी चांदण्यात बसावे, असे तो सांगतो. कारीट, तुळशीच्या लग्नातला आवळा, कोजागरीचे दूध आणि चांदणे यांचा मेळ येथे बसतो. परंतु तोच वाग्भट या ऋतूत दही वर्ज्य सांगतो, पोटास तड लागेपर्यंत जेवू नये असे बजावतो, आणि दिवसा झोपू नये म्हणतो! दिवाळीच्या सकाळी सात घरचे फोव खाऊन, त्यांत दह्याचे फोव असतातच, दुपारी ओसरीवर आडवे झालेले थोर यजमान आम्ही दरवर्षी पाहतो. तेव्हा सर्वच रीती वैद्यकाच्या पोथीतून आल्या असे म्हणण्याचे कारण नाही. त्या प्रेमातूनही आल्या आहेत, आणि तेवढे कारण त्यांस पुरेसे आहे.

नरकासुराविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलावे लागेल. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे. प्राग्ज्योतिषपूरच्या त्या असुराने सोळा सहस्र स्त्रियांस कोंडून ठेविले होते. भगवंतांनी सत्यभामेसह जाऊन त्यास मारले आणि त्यांस सोडविले. कथेचे हृदय सुटका हे आहे. आमच्याकडे नरकासुराच्या प्रतिमा करून पहाटे जाळण्याची रीत सर्वश्रुत आहे. बांबू, गवत, जुने कागद जमवून मुले जे राबतात त्याचे आम्हांस कौतुकच आहे. ते एकत्र श्रमणे हाही संस्कार आहे. पण स्पर्धांच्या नादाने असुर माडाएवढा होतो आणि श्रीकृष्ण त्याच्या पोटरीशी एखाद्या बाहुलीएवढा उभा असतो, आणि रात्रभर असा कर्णकर्कश घोष चालतो की वाड्यावरील आजारी माणसाने उशीखाली डोके घालावे. त्याहून मोठी हानी पुढे होते. असुर जाळून झाल्यावर मुले थकून झोपी जातात. घरी आई तेलाची वाटी घेऊन बसली आहे, पाणी दोनदा तापवून झाले आहे, आणि न्हाणारा उठत नाही. अशी आई आम्ही एका घरी नव्हे, अनेक घरी पाहिली आहे. ती रागावत नाही. वाटी झाकून ठेवते. तरुण मित्रांनो, आम्ही तुमच्याच वयाचे आहोत म्हणून सांगतो: प्रतिमा हवी तर करा, पण मध्यरात्री घरी या, दोन प्रहर झोपा, आणि त्या वाटीपुढे वेळेवर बसा.

पाडव्यास गुरे न्हाऊ घालून, झेंडूच्या माळा घालून त्यांस गोडधोड भरविण्याची चाल आहे. ज्यांच्या गोठ्यात अजून गाय आहे ते ती आनंदाने पाळतात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजारच्या गोठ्यात मुलांस घेऊन जावे. गायीस त्याचे वावडे नाही.

यानंतर कार्तिक शुद्ध द्वादशी, आमची व्हडली दिवाळी. ज्या वृंदावनापुढे कारीट फुटले त्याच वृंदावनास रंग देऊन त्यात ऊस व दिंड्याची काठी रोवतात, चिंचा-आवळ्यांच्या डहाळ्या बांधतात, आणि तुळशीचे लग्न लावतात. या सणाचे मोल आमच्या पूर्वजांस कशाने कळले असेल, तर ते संकटाने. 1560 मध्ये श्रीमंगेशास कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास न्यावे लागले. अशी कित्येक दैवते त्या शतकात स्थलांतरित झाली. पुढे 1736 साली धर्मसमीक्षण सभेने जुन्या रीतींवर जे फर्मान काढले, त्यात लग्नाच्या व जेवणाच्या चालींबरोबर घराच्या आवारात तुळस ठेवण्यासही मनाई होती. फर्मान काढणाऱ्यांस हे बरोबर उमगले होते की देऊळ हलविले तरी घरची रीत अंगणातल्या एका रोपाने टिकते. जे रोप बंदीने नाहीसे झाले नाही, ते आता पाणी घालणारे कोणी नाही म्हणून सुकत आहे.

हे आम्ही ऐकीव लिहीत नाही. आम्ही पुजाऱ्याच्या घरचे. सणाच्या दिवशी आमच्या घरचे पान सर्वांत उशिरा मांडले जाते, कारण वडील आधी गावच्या घरी असतात. द्वादशीच्या संध्याकाळी वडिलांबरोबर हातात अंतरपाट व पिशवी घेऊन तीस-पस्तीस अंगणे फिरावयाची, हा आमचा लहानपणापासूनचा क्रम. घामाने सोवळे भिजते, डास चावतात, आणि प्रत्येक अंगणात चुरमुरे, गूळखोबरे व उसाची कांडी हाती पडते. त्या क्रमात दरवर्षी एखादे कुलूप वाढते. काही घरी शेजारीण पणती लावून ठेवते, एवढेच. काही घरी एकट्या आजी असतात. मागील वर्षी अशाच एका घरी आजींनी भ्रमणध्वनी वृंदावनासमोर धरला होता आणि आखातात असलेला त्यांचा मुलगा तेथून मंगलाष्टके ऐकत होता. जवळच्या काही मुलांस हसू आले. वडिलांनी मात्र नेहमीपेक्षा सावकाश म्हटली, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्यानंतर आजींनी विचारले, “ऊस कोण मोडणार?” आणि तो आम्ही मोडला. मंगलाष्टके समुद्रापार ऐकू जातात. ऊस मोडावयास मात्र हात तेथेच असावा लागतो.

पोटासाठी परगावी गेलेल्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांनी पाठविलेल्या पैशानेच अनेक घरांची कौले शाबूत आहेत, आणि देवालयाचा नंदादीपही. चतुर्थीस ते बहुधा येतात, आणि शरदात रजा उरत नाही ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी एवढेच कळवावयाचे की तुळशीचे लग्न द्वादशीसच लावले पाहिजे असे नाही. पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी लावता येते. त्यांत येणारा रविवार धरावा आणि आठ दिवस आधी निरोप द्यावा. वडील किंवा आम्ही अवश्य येऊ. ऊस आणि दिंड्याची काठी शेजारी आणून ठेवतील, चिंचा-आवळे आम्ही आणू. वृंदावनास रंग मात्र घरच्यांनीच द्यावा. त्यासाठी सकाळच्या गाडीने यावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी तो सुकतो.