हलकेपणा आणि मुक्तता

जुन्या संगणकांवर चालणाऱ्या हलक्या, मुक्त प्रणालींत खिडक्या व बटणें रचण्याचा साधनसंच कोणता घ्यावा, हा केवळ कारागिरीचा प्रश्न आहे काय? १९९६ मध्यें केडीईनें क्यूटी निवडला. तो गुणी खरा, परंतु तेव्हां पुरता मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्यें जीटीकेवर ग्नोम उभारण्यास आरंभ झाला. २००० मध्यें क्यूटी जीपीएलखालीं आला व तो आक्षेप सरला. पुढें जीटीकेची तिसरी आवृत्ति जड वाटून एलएक्सडीईच्या कर्त्यानें २०१३ मध्यें क्यूटीची वाट धरली. एक्सएफसीई जीटीकेपाशींच राहिलें. तरी वाट बदलणाऱ्यास चंचल म्हणणें अन्यायाचें होईल. निष्ठा साधनाशीं नसावी. नवें यंत्र ज्याला परवडत नाहीं, त्याच्याशीं असावी. मात्र मुक्तता आधीं, हलकेपणा मागून. कारण दुसऱ्याच्या मर्जीवर लाभलेला हलकेपणा हें दान होय, हक्क नव्हे.