संशयाचा फायदा

अपहरण आणि बलात्कार यांबद्दल शिक्षा झालेल्या माणसाने वरच्या कोर्टात अपील केले, असे वर्तमानपत्रात वाचले की आपण संतापतो. 'असल्यांना अपील कसले?' असे सहज तोंडून निघते. शांतपणे विचार केला तर हा संताप टिकत नाही. न्यायाधीश हाही माणूसच. त्याच्या हातून चूक होऊ शकते. निरपराध्याला तुरुंगात घालणारी चूक सुधारण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे. पौलाने कैसराजवळ दाद मागितली, तिला आपण पळवाट म्हणत नाही.

तेव्हा प्रश्न अपिलाचा नाही. संशय कशाच्या आधारे घ्यावा, हा आहे.

१९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने केली. जबानीसाठी तिला पोलीस ठाण्यात आणले आणि तेथेच तिच्यावर अत्याचार झाल्याचा आरोप झाला. सेशन्स कोर्टाने दोघा पोलिसांना सोडले. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. त्यांनी अपील केले व १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, ही त्यातील प्रमुख कारणे. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर निषेध झाला, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे तिने कोर्टात सांगितले, तर कोर्टाने तसेच धरून चालावे, असे ठरले.

१९८४ साली पंजाबात दहावीच्या एका मुलीला परीक्षेहून परतताना मोटारीतून पळवून नेले. रात्रभर अत्याचार सोसून सुटल्यावर तिने दुसऱ्या दिवशी पेपर दिला, आणि मग घरी जाऊन आईला सर्व सांगितले. तिला मोटार कोणत्या कंपनीची ते सांगता आले नाही, परीक्षेच्या ठिकाणी ती कोणाजवळ बोलली नाही, अशा कारणांवरून खालच्या कोर्टाने १९८५ साली आरोपींना सोडले. सरकारने अपील केले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. लाजेने गप्प राहणे हे अशा मुलीला स्वाभाविकच आहे, असे ते न्यायालय म्हणाले.

संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे तत्त्व सोडता कामा नये. पण तो संशय पुराव्यातून निघालेला हवा. 'चांगल्या घरची मुलगी ओरडली असती' हा पुरावा नव्हे. तो आपल्या मनातील ग्रह आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी याचा विशेष विचार करावा. एखादे मूल उशिरा, अडखळत काही सांगू लागते. आपला पहिला प्रश्न कोणता असतो? 'मग इतके दिवस का बोलली नाहीस?' १९८५ सालच्या कोर्टाचा प्रश्न हाच होता. आपण निवाडा करायचा नाही. त्यासाठी कोर्ट आहे. आपण नीट ऐकायचे आणि पोलिसांना कळवायचे. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारकच केले आहे.

आरोपीचे म्हणणे ऐकायला एकावर एक कोर्टे आहेत, आणि ती असावीत. मुलीचे म्हणणे प्रथम ऐकणारा मात्र बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असतो. त्याने तोंड फिरवले, तर तिने अपील कोणाकडे करावे?