हे स्पष्ट, की ते?

बारावीच्या निकालानंतर ओळखीतले पालक मुलांना घेऊन येतात. ‘मेडिकलला नंबर लागत नाही, मग ऑप्टोमेट्री कशी आहे?’ विचारण्याच्या पद्धतीतच हा अभ्यासक्रम दुय्यम ठरलेला असतो आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं. मी माहिती देते: पदवीचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. २०२१च्या केंद्रीय कायद्यामुळे या व्यवसायाला वैधानिक ओळख मिळाली. शस्त्रक्रिया आपण करत नाही, ते काम नेत्रतज्ज्ञांचं. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. मग मुलांना विचारते, एकच प्रश्न दिवसभर, प्रत्येकाला नव्याने विचारल्यासारखा विचारता येईल का?

‘हे स्पष्ट, की ते?’ आमचं निम्मं कौशल्य या प्रश्नात आहे. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरवर हनुवटी टेकवली की काही सेकंदांत आकड्यांची चिठ्ठी बाहेर येते. तिथून तपासणी सुरू होते. माणूस कसं काम करतो, हे त्या चिठ्ठीत नसतं. पुस्तक आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो; तेवढ्या जवळचं बघायला डोळ्याला अडीच डायॉप्टरची ताकद लागते. सोनार दागिना २५ सेंटिमीटरवर आणतो, तिथे चार लागतात. पेटीवादकाचं नोटेशन त्याहून बरंच लांब, स्टँडवर असतं. चाळिशीच्या एकाच नंबरात दोघांची सोय होत नाही. त्यामुळे मी आधी विचारते, ‘दिवसभर काय करता? हात कुठे असतात, दाखवा.’ लोक हवेतच हात धरून दाखवतात आणि मी मोजपट्टी लावते. या कामातला हा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे.

लहान मुलं उत्तर देत नाहीत, किंवा आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात. त्यांच्यासाठी रेटिनोस्कोप. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची पट्टी बुबुळावरून फिरवायची. आतून उजळणारी छटा पट्टीबरोबर सरकते की उलट, ते पाहायचं आणि ती हालचाल थांबेपर्यंत भिंगं बदलत जायचं. हात बसायला वर्षं जातात. पण त्या छटेवरून, अक्षरओळख नसलेल्या मुलीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा कितीतरी कमजोर आहे, हे कळतं. चष्म्याविना तो डोळा धूसर प्रतिमा पाठवत राहतो आणि मेंदू हळूहळू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. वेळेत चष्मा दिला, गरजेप्रमाणे चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकला, तर दृष्टी बरीच सुधारू शकते. वय वाढेल तशी ती शक्यता कमी होत जाते.

घरात आजीला पटत नाही. ‘एवढ्याशा पोरीला चष्मा? उद्या लग्नाचं काय?’ तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. मी तिच्याच हाताने नातीचा चांगला डोळा झाकायला लावते आणि समोरच्या तक्त्यावरचं चित्र विचारायला सांगते. नात गप्प राहते. पट्टीचे तास पुढे आजीच सांभाळते.

अंगणवाडीच्या सेविकांनाही मी हेच सांगत असते: एकेक डोळा झाकूनच तपासा. दोन्ही उघडे असले की मूल चांगल्या डोळ्याने निभावून नेतं आणि कोणाला शंकाही येत नाही.