गच्चीला कठडा



गोष्ट एका पावसाळ्यातली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण फुटले. रोज सकाळी मिस्सेला जाताना मला ते दिसायचे. पहिल्या दिवशी मनात आले, कुणीतरी तक्रार करील. दुसऱ्या दिवशी वाटले, एव्हाना कुणी केलीच असेल. तिसऱ्या दिवसापासून पायांना सवय झाली आणि मी वळसा घालून जाऊ लागलो. नवव्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली होती आणि रस्त्यावर पाणी साचले होते. शेजारच्या मावशी भाजी घेऊन घरी येत होत्या. पाण्याखालचा खड्डा त्यांना दिसला नाही. खुब्याचे हाड मोडले.

मी दवाखान्यात गेलो, फळे नेली, त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. मावशी म्हणाल्या, "देवाची इच्छा, बाळा. माझं नशीबच खोटं." मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र ते मान डोलावणे मला खुपू लागले. आठ दिवस तो खड्डा मला ठाऊक होता. मग ही देवाची इच्छा कशी?

आज याच प्रश्नाचा थोडा विचार करू या. अपघातात पाप असते का? आणि असले तर ते कुणाचे?

पहिले उत्तर आपल्या सर्वांच्या तोंडी असते: त्याची वेळ भरली होती. दुसरे उत्तर त्याहून कठोर असते: त्याचीच चूक होती. प्रभू येशूच्या काळातही लोक असेच बोलत. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती, हा समज येशूने स्पष्ट शब्दांत खोडून काढला (लूक १३:४). मेलेल्यांचे पाप मोजू नका, स्वतःकडे वळून पाहा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

आपल्या जिल्ह्याने असा प्रसंग अगदी जवळून पाहिला आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. टाळेबंदीत काम बंद पडल्यामुळे ते जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी पायी निघाले होते. चालून थकले आणि रुळांवरच आडवे झाले. त्यांच्या जवळच्या चपात्या रुळांवर विखुरलेल्या आपण छायाचित्रांत पाहिल्या. त्या दिवसांत एक वाक्य वारंवार कानावर पडत होते: रुळांवर कुणी झोपते का? प्रश्न बरोबर वाटतो, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: माणसाला घरी जायला रुळांवाचून दुसरी वाट का उरली नव्हती?

जुन्या करारात याविषयी दोन साधे नियम आहेत. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. एक निर्गमच्या २१ व्या अध्यायात आहे. कुणी खड्डा खणला, तो झाकला नाही आणि त्यात कुणाचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यायची. दुसरा अनुवादच्या २२ व्या अध्यायात आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध. नाहीतर कुणी वरून पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल.

या दुसऱ्या नियमात काय नाही तेही पाहा. पडणारा शहाणा की मूर्ख, आपला की परका, तो काळजीपूर्वक चालत होता की नव्हता, याची चौकशी त्यात नाही. माणूस केव्हातरी चुकणार, त्याचा तोल जाणार, हे त्या नियमाने धरूनच ठेवले आहे. म्हणून तो पडण्याआधी बोलतो. पडलेल्याला उचलणे ही दया झाली. पडणार असलेल्यासाठी, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा माणसासाठी, आधीच कठडा बांधणे हीसुद्धा शेजारप्रीतीच आहे. फक्त तिच्यासाठी आपल्याला कुणी धन्यवाद देत नाही. कठड्यामुळे कोण वाचले हे कधी कळतच नाही.

आपल्यातल्या वयस्कर मंडळींना २६ एप्रिल १९९३ आठवत असेल. चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. पुढे ते विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. विमानात ११८ माणसे होती. त्यांतली ५५ दगावली. चौकशीत दोन कारणे पुढे आली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. दुसरे, विमान उडण्याच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात त्या वेळचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन कारणांत एकत्र सापडते. चूक माणसाची होती आणि कठडाही नव्हता. व्यवस्था चुकली म्हणून माणूस सुटत नाही, आणि माणूस चुकला म्हणून व्यवस्था सुटत नाही. आपण मात्र बहुतेक वेळा दोघांपैकी एकालाच धरतो आणि दुसऱ्याला सोडून देतो.

अलीकडची उदाहरणे तर मन सुन्न करणारी आहेत. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीत तळमजल्यावरच्या कपड्याच्या दुकानाने पेट घेतला. वर राहणाऱ्या कुटुंबातली सात माणसे धुराने गुदमरून मरण पावली. ज्या घराला खाली उतरायला एकच जिना असतो आणि त्या जिन्याखालीच माल, मीटर आणि गाड्या असतात, त्या घराच्या गच्चीला कठडा असूनही नाही. अशी घरे आपल्या शहरात किती आहेत, हे आपण सर्व जाणतो. कदाचित आपलेच घर त्यांत असेल. कारखान्यात कोण झोपते हेही आपल्याला माहीत आहे. ज्याला दुसरीकडे खोली परवडत नाही तोच झोपतो. कठडा नसलेल्या गच्चीवर बहुधा गरिबालाच राहावे लागते.

संक्रांतीचा नायलॉन मांजा घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तरी विकणारा विकतो, बाप घेऊन देतो, मुलगा पतंग उडवतो आणि गळा चिरतो तो दुचाकीवरून जाणाऱ्या चौथ्याचाच. तिघांनाही विचारा, प्रत्येकजण म्हणेल, मी कुठे कुणाला मारले? खरेच आहे, कुणीच मारले नाही. पण जखम तर झाली. दोष तिघांत वाटला गेला म्हणून तो नाहीसा होतो काय?

पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण इथे स्पष्ट आहे. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी जो स्वतःचा व दुसऱ्याचा जीव रस्त्यावर धोक्यात घालतो तो गंभीर दोषाला पात्र होतो, असे धर्मशिक्षणग्रंथात मनुष्यहत्येच्या आज्ञेखालीच सांगितले आहे. २००७ साली तर व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिली हत्या न करण्याचीच आहे. आणि आपण प्रत्येक मिस्सेच्या आरंभी केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. आठ दिवस वळसा घालणारा मी त्या शब्दांपाशी आता थोडा थांबतो.

काही जण म्हणतील, हे महापालिकेचे, पोलिसांचे, सरकारचे काम आहे. होय, आहेच. चेंबरचे झाकण, रस्त्यावरचा दिवा, चालायला पदपथ, शाळेपाशी गतिरोधक, कारखान्याची तपासणी ही कामे आपण करू शकत नाही आणि आपण करावीत अशी अपेक्षाही नाही. पण ती मागणे आपले काम आहे, विशेषतः ज्याला मागता येत नाही त्याच्यासाठी. अर्ज लिहिणे हे मेणबत्ती लावण्याइतके सुंदर दिसत नसेल, पण एखाद्या मावशीचे हाड त्याने वाचू शकते.

आणि हे होऊ शकते, याचे पुरावे आहेत. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ठरवले की रस्त्यावर कुणी मरावे किंवा कायमचे जायबंदी व्हावे हे मान्यच करायचे नाही. माणूस चुकणारच, म्हणून त्याच्या चुकीची किंमत प्राण नसावी असे रस्ते बांधायचे. ही कल्पना अनुवादातल्या कठड्याची सख्खी बहीणच म्हणायची. आपल्या राज्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली होती. त्यानंतर तिथे पुलांच्या खांबांपुढे व धोक्याच्या जागी लोखंडी कठडे बसवले गेले, दुभाजकातल्या फटी बुजवल्या गेल्या, वेगावर नजर ठेवली गेली. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. ज्यांना नशीब म्हटले जात होते त्यांतले निम्मे नशीब लोखंडी कठड्याने बदलले!

२०२२ साली आपल्या देशात १ लाख ६८ हजारांवर माणसे रस्त्यांवर मरण पावली. एवढा मोठा आकडा ऐकून मन बधिर होते. म्हणून आपण आपल्या धर्मग्रामापुरते बोलू.

रविवारी चर्चच्या आवारात दुचाक्या येतात. बापाच्या डोक्यावर हेल्मेट असते, मागे बसलेल्या आईच्या आणि मुलाच्या डोक्यावर नसते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. लेकरावरचे प्रेम त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचू द्या. नाताळच्या गोठ्याचे व ताऱ्याचे वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्या. सणाच्या गर्दीत चर्चचे एकही दार खुर्च्यांनी किंवा गाड्यांनी अडवू नका. घरात वृद्ध असतील तर न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवा. विजेची स्कूटर जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावू नका. रस्त्यात कुणी जखमी दिसला तर १०८ ला फोन करा आणि त्याच्याजवळ थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या मागे फिरावे लागेल ही भीती आता बाळगू नका, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अशा माणसाला संरक्षण दिले आहे. चांगला समारितन होण्याच्या वाटेतला तो दगड कायद्याने तरी बाजूला केला आहे.

मावशी आता काठी घेऊन मिस्सेला येतात. नेहमीच्या बाकावर बसतात आणि मला पाहून हसतात. तो खड्डा मी रोज पाहत होतो, हे मी त्यांना एके दिवशी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता दुसरा कुठं दिसला तर तेवढं सांगत जा बाबा."

पापनिवेदनाला जाण्याआधी आपण सदसद्विवेकाची तपासणी करतो. तिच्यात या आठवड्यापासून एक प्रश्न वाढवू या: मी ज्याला वळसा घालून जातो असा उघडा खड्डा कोणता आहे, आणि माझ्या मागून त्या वाटेने कोण येणार आहे?